इंजेक्टर बदलण्याआधी एवढं तपासा

डिझेल गाडी सकाळी लवकर स्टार्ट होईना, चढावर दम टाकू लागली किंवा चालता चालता झटके देऊन बंद पडली, की गॅरेजमध्ये बहुधा एकच निदान ऐकू येतं: ‘इंजेक्टर गेले.’ काही वेळा ते खरंही असतं. पण कित्येकदा चारही इंजेक्टर बदलून, भलंमोठं बिल भरून गाडी घरी येते आणि थोड्याच दिवसांत तोच त्रास पुन्हा सुरू होतो. कारण दोष असतो तुंबलेल्या फिल्टरमध्ये, चिरलेल्या रबरी पाइपमध्ये, नाहीतर फिल्टरच्या तळाशी साचलेल्या पाण्यात. तिकडे कुणी पाहिलेलंच नसतं.

हा प्रश्न आज पूर्वीपेक्षा जास्त जणांचा झाला आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले. त्याच सुमारास मारुती सुझुकीने डिझेल गाड्या बनवणं थांबवलं, इतर काही कंपन्यांनीही लहान डिझेल इंजिनं बंद केली. आधी विकलेल्या गाड्या मात्र रस्त्यावर आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्या आहेत. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन घ्या. स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत ते बसलं. पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनत असे. अशी गाडी सेकंडहँड घेतलेली, वॉरंटी संपलेली, फिल्टर शेवटचा कधी बदलला ते ठाऊक नाही, अशा मालकासाठी हा लेख आहे. गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः काही न उघडता ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या.

सांगायचं सूत्र एकच आहे. डिझेल ज्या वाटेने टाकीतून इंजिनात जातं त्याच वाटेने, साधारण त्याच क्रमाने तपासत चला. या वाटेवर स्वस्त भाग आधी लागतात आणि महाग भाग शेवटी. म्हणून क्रम पाळला की पैसे वाचतात आणि निदानही पक्कं होतं.

डिझेलची वाट

टाकीच्या तळाशी जाळी असते. तिथून लिफ्ट पंप डिझेल ओढतो किंवा ढकलतो. हा पंप काही गाड्यांत टाकीतच बसवलेला, विजेवर चालणारा असतो; काहींत तो हाय प्रेशर पंपालाच जोडलेला असतो आणि तिथूनच डिझेल खेचून घेतो. मग येतो फिल्टर. तो कचरा अडवतो आणि पाणीही वेगळं काढून तळाशी साठवतो. इथपर्यंतची बाजू कमी दाबाची, म्हणजे फार तर काही बारची. 

पुढे हाय प्रेशर पंप, तिथून सगळ्या इंजेक्टरांना सामाईक असलेली जाड नळी, म्हणजे रेल, आणि रेलमधून इंजेक्टर. इथे दाब आयडलिंगला साधारण २५० ते ३५० बार असतो. पूर्ण रेसवर तो जुन्या कॉमन रेल गाड्यांत १४०० ते १६०० बारपर्यंत आणि काही नव्या गाड्यांत २००० बारपर्यंत चढतो. कारच्या टायरमधली हवा जेमतेम सव्वादोन बार असते, हे लक्षात घेतलं म्हणजे या आकड्यांचा अंदाज येतो. न वापरलेलं डिझेल रिटर्न पाइपने टाकीकडे परत जातं.

यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. स्टार्टर मारताना रेलमध्ये ठरावीक दाब तयार झाल्याशिवाय ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजेक्टर उघडतच नाही. हा आकडा गाडीनुसार बदलतो, पण बहुतेक इंजिनांत तो १५० ते २५० बारच्या दरम्यान असतो. म्हणून ‘स्टार्टर फिरतो, पण गाडी स्टार्ट होत नाही’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा न तयार झालेल्या दाबात असतं. आणि दाब का तयार झाला नाही, याची कारणं टाकीपासून इंजेक्टरपर्यंत कुठेही असू शकतात.

आधी जिवाची काळजी

जुन्या जीप आणि ट्रकवर काम शिकलेले मेकॅनिक चालू इंजिनवर इंजेक्टरच्या पाइपाचा नट सैल करून कोणता सिलिंडर मिसिंग मारतोय ते ओळखत. कॉमन रेल इंजिनवर असं कधीही करू नका, कुणाला करूही देऊ नका. हजार बारच्या दाबाने निघालेली डिझेलची धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही. पण आतलं मांस सडू लागतं आणि बोट किंवा हात गमवावा लागतो. असं झालं तर जखम धुऊन घरी बसू नका. तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा आणि ‘दाबाने डिझेल शरीरात शिरलंय’ असं स्पष्ट सांगा.

हाय प्रेशरच्या बाजूची गळती हाताने चाचपून शोधू नका. लांबून पुठ्ठा धरा आणि त्यावर डिझेलचा डाग पडतो का ते पाहा. इंजिन बंद केल्यावर दाब उतरायला काही मिनिटं द्या. चालू इंजिनवर इंजेक्टरचे कनेक्टर काढू नका, तिथे बॅटरीच्या १२ व्होल्टपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज असतं. आणि स्वच्छता पाळा. इंजेक्टरच्या आतल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. धुळीचा एक कण आत गेला तरी नवा इंजेक्टर खराब होतो.

लक्षण नीट टिपा

गाडी उघडण्याआधी वहीत चार ओळी लिहा. त्रास इंजिन थंड असताना होतो की गरम असताना? सपाट रस्त्यावर होतो की फक्त चढावर? नुकतंच डिझेल भरलं होतं का? फिल्टर बदलल्यानंतर त्रास सुरू झाला का? डॅशबोर्डवर कोणता दिवा लागला? या उत्तरांवरून निम्मं काम होतं.

रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागतो, पण नंतर दिवसभर ठीक चालते, तर कुठूनतरी हवा शिरून डिझेल मागे उतरत असावं; थंडीत ग्लो प्लग, म्हणजे थंड सिलिंडर तापवणारे प्लग, हेही तपासावेत. उलट, थंड असताना लगेच स्टार्ट होते आणि गरम झाल्यावर बंद केली की पुन्हा स्टार्ट होत नाही, तर इंजेक्टर किंवा हाय प्रेशर पंप आतून झिजलेला असण्याची शक्यता जास्त. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटींतून निसटून जातं, त्यामुळे दाब तयार होत नाही. सपाटीला ठीक, पण चढावर जोर नाही, हे तुंबलेल्या फिल्टरचं नेहमीचं लक्षण. पंधरा-वीस किलोमीटर चालून बंद पडते आणि थोडा वेळ उभी केली की पुन्हा चालू होते, तर टाकीच्या झाकणातली हवेची वाट बंद झाली आहे का ते पाहा. झाकण उघडताना जोरात ‘फुस्स’ आवाज होत असेल तर झाकण जरा सैल ठेवून गाडी चालवून बघा. त्रास गेला तर दोष तिथेच.

धूरही बोलतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. डोळ्यांना झोंबणारा, डिझेलच्या वासाचा पांढरा धूर म्हणजे डिझेल आत जातंय पण नीट जळत नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. सर्वांत उपयोगी खूण गाडी स्टार्ट होत नसतानाची आहे: एकाने स्टार्टर मारावा, दुसऱ्याने सायलेन्सरकडे पाहावं. धूर मुळीच निघत नसेल तर सिलिंडरमध्ये डिझेल पोचतच नाही. धूर निघत असेल तर डिझेल पोचतंय, जळत नाही. मग ग्लो प्लग, कॉम्प्रेशन, टायमिंग यांकडे वळा.

पायरी १ : इंधनाबाहेरची कारणं बाजूला काढा

बॅटरी अशक्त असेल तर इंजिन पुरेशा वेगाने फिरत नाही आणि रेलमध्ये दाब चढत नाही. म्हणून आधी दुसरी बॅटरी जोडून पाहा. इमोबिलायझरचा दिवा लुकलुकत असेल तर किल्लीचा प्रश्न आहे. जोर नसेल तर एअर फिल्टर काढून उजेडात धरा आणि टर्बोकडून येणारा रबरी पाइप कुठे फाटलाय का, त्यावर तेलाचा ओघळ दिसतोय का ते बघा. 

शेवटी ऑइलची डिपस्टिक काढा. पातळी कमाल खुणेच्या वर गेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर इंजिन चालू करू नका. ऑइलमध्ये डिझेल मिसळतंय, बेअरिंग खराब होतील आणि वाढलेलं ऑइलच जाळत इंजिन आवरेनासं होण्याचा धोका असतो. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या गाड्यांत, विशेषतः फक्त शहरात छोट्या अंतरासाठी वापरल्या जाणाऱ्या गाड्यांत, हे अधिक घडतं.

पायरी २ : टाकीत काय आहे?

काटा अर्ध्यावर दाखवत असला तरी फ्लोट अडकलेला असू शकतो. शंका असेल तर पाच लिटर डिझेल घालून बघा. नुकतंच इंधन भरल्यावर त्रास सुरू झाला असेल तर पावती पाहा. चुकून पेट्रोल भरलं गेलं असेल आणि ते पंपावरच लक्षात आलं तर किल्ली ऑनसुद्धा करू नका. टाकीतला विजेचा पंप किल्ली ऑन होताच पेट्रोल पुढे ढकलू लागतो. हाय प्रेशर पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच. पेट्रोलमध्ये तो गुण नाही, त्यामुळे पंप आतून खरवडला जातो. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या.

भेसळीचा संशय असेल तर पंपावर डिझेलची घनता तपासून दाखवायला सांगण्याचा ग्राहकाला हक्क आहे. हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि तापमानाचा तक्ता पंपावर असतो, तक्रार नोंदवही मागितल्यावर द्यावी लागते. फिल्टर पेपरची चाचणी पेट्रोलसाठी आहे. डिझेलला ती लावू नका. पावती जपून ठेवा आणि टाकीतला नमुना स्वच्छ बाटलीत काढून ठेवा.

पायरी ३ : फिल्टर आणि पाणी

आपल्याकडे, विशेषतः कोकण-गोव्याच्या दमट हवेत आणि पावसाळ्यात, हीच पायरी सर्वांत महत्त्वाची. अर्ध्या भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने बाष्प धरतं, झाकणाच्या जुन्या रबरातून पावसाचं पाणी जातं, ड्रममध्ये साठवलेल्या डिझेलबरोबरही पाणी येतं.

ही तपासणी घरी करता येते. गाडी रात्रभर हलवू नका. सकाळी इंजिन चालू न करता फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू एक-दोन आटे सैल करा आणि पहिलं पाव लिटर डिझेल स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत घ्या. स्क्रू आवळा. बाटली खिडकीत अर्धा तास स्थिर ठेवा आणि मग उजेडाकडे धरून पाहा. एक लिटर डिझेलचं वजन साधारण ८२० ते ८४५ ग्रॅम भरतं, पाण्याचं एक किलो. त्यामुळे पाणी तळाशी बसतं आणि दोन्हींच्या मध्ये स्पष्ट रेघ दिसते. सगळंच डिझेल दुधट, गढूळ दिसत असेल तर पाणी त्यात मिसळून गेलंय. काळपट, बुळबुळीत गोळे दिसले तर टाकीत पाणी बरेच दिवस साचून त्यात सूक्ष्मजीवांची वाढ झाली आहे. नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी उतरवून धुवावी लागेल. तळाशी चमचमणारी बारीक चांदी दिसली तर बाटलीला बाहेरून लोहचुंबक लावून फिरवा. कण चुंबकामागे सरकले तर तो लोखंडी चुरा आहे. तो कुठून आला हे पुढे पाहू.

पाणी निघालं तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत निचरा करा आणि फिल्टर बदला. फिल्टर किती किलोमीटरला बदलायचा ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. बहुतेक गाड्यांत तो पल्ला २० ते ४० हजारांच्या दरम्यान आहे. जुन्या गाडीचा इतिहास माहीत नसेल तर वाट न पाहता बदला. नवा फिल्टर चांगल्या कंपनीचाच घ्या. कॅनमधलं डिझेल थेट त्याच्या स्वच्छ बाजूला ओतू नका. न गाळलेला कचरा सरळ पंपात जाईल. डिझेलच्या वाटेवर हाताने दाबायचा पंप (हातपंप) असेल तर त्याने किंवा किल्ली चार-पाच वेळा ऑन-ऑफ करून फिल्टर भरून घ्या.

हिवाळ्यात लेह-लडाखला गाडी नेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. कडक थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो आणि लक्षणं हुबेहूब खराब फिल्टरसारखी दिसतात. इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं खास हिवाळी डिझेल नोव्हेंबर २०१९ मध्ये आणलं ते याच कारणाने.

पायरी ४ : हवा कुठून शिरते?

डिझेल खेचून घेणाऱ्या गाड्यांत पाइपाला बारीक चीर असली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते. त्यामुळे खाली डाग पडत नाही आणि दोष सापडत नाही. हातपंप असेल तर तो दाबून पाहा. आठ-दहा वेळा दाबल्यावर तो कडक झाला पाहिजे. कितीही दाबला तरी पोकळच राहिला तर हवा शिरतेय किंवा डिझेल येतच नाही. इंजिन चालू असताना रबरी हातपंप आपोआप पिचकला तर टाकीकडून येणारी वाट तुंबली आहे.

पक्का पुरावा हवा असेल तर मेकॅनिकला फिल्टर आणि हाय प्रेशर पंप यांच्यामधल्या कमी दाबाच्या पाइपात तात्पुरता पारदर्शक, डिझेलला टिकणारा पाइप जोडायला सांगा. इंजिन सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात थोडे बुडबुडे दिसणं साहजिक आहे. त्यानंतरही बुडबुड्यांची माळ चालूच राहिली तर हवा शिरतेय. मग टाकीच्या दिशेने एकेक जोड, क्लिप, ओ-रिंग, फिल्टरचं सील बघत मागे जायचं. फिल्टर बदलल्यावर सुरू झालेला त्रास बहुधा तिथल्याच सीलचा असतो.

पायरी ५ : लिफ्ट पंप

विजेचा पंप असेल तर किल्ली ऑन करताच मागच्या सीटखालून दोन-चार सेकंद बारीक घरघर ऐकू येते. ती येत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले तपासा. काही गाड्यांत अपघातानंतर इंधन तोडणारा स्विच असतो. मोठ्या खड्ड्यात आदळल्यावरही तो पडतो आणि बटण दाबलं की गाडी पूर्ववत होते. आवाज येतोय म्हणजे पंप चांगला, असं मात्र नाही. मेकॅनिककडून गेज लावून दाब आणि ठरावीक सेकंदांत येणारं डिझेल मोजून घ्या आणि गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतल्या आकड्यांशी ताडून पाहा.

पायरी ६ : स्कॅनर काय सांगतो?

आता स्कॅनर लावायचा. पी ००८७ हा कोड खूप गाड्यांत दिसतो. त्याचा अर्थ एवढाच की रेलमधला दाब हवा त्यापेक्षा कमी आहे. ‘पंप गेला’ असं तो सांगत नाही. तुंबलेला फिल्टर, हवा, अशक्त लिफ्ट पंप, गळका इंजेक्टर, यांपैकी कशानेही तो येतो. पी ०१९० ते पी ०१९३ हे रेलच्या दाबाच्या सेन्सरशी, पी ०२०१ ते पी ०२०४ हे पहिल्या ते चौथ्या इंजेक्टरच्या विजेच्या जोडणीशी संबंधित असतात. कोड पुसण्याआधी त्यांचा फोटो काढून ठेवा.

कोडपेक्षा चालू आकडे जास्त बोलके असतात. दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा: ईसीयूने मागितलेला दाब आणि रेलमधला प्रत्यक्ष दाब. समजा, कसारा घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली आहे. मागणी १३०० बारची आहे आणि प्रत्यक्ष दाब ९०० वर अडकून पडलाय, सपाटीला आल्यावर मात्र दोन्ही आकडे पुन्हा जुळतात. याचा अर्थ जास्त डिझेल लागतं तेव्हाच ते पुरत नाही. अशा वेळी आधी फिल्टर आणि लिफ्ट पंप. तेवढ्याने सुधारलं नाही तरच पुढे जायचं. आकडे शेजारी बसलेल्याने वाचावेत, चालवणाऱ्याने रस्त्यावरची नजर काढू नये.

सेन्सरचीही परीक्षा घ्या. गाडी तासभर बंद राहिल्यावर किल्ली फक्त ऑन केली तर दाब जवळजवळ शून्य दिसला पाहिजे. तेव्हाही तो बराच दिसत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं सांगतेय आणि बाकीच्या आकड्यांवर विसंबता येणार नाही.

पायरी ७ : इंजेक्टर

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर आता इंजेक्टरची पाळी. स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरसाठी ईसीयू किती डिझेल वाढवतो किंवा घटवतो ते दिसतं. तीन सिलिंडर शून्याच्या आसपास आणि एक दूर गेलेला असेल तर संशयित सापडला. पण त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशनही मोजा. झिजलेल्या रिंगचा दोष इंजेक्टरच्या माथी मारला जाऊ नये.

यानंतरची चाचणी बाटल्यांची, तिला गॅरेजमध्ये लीक-ऑफ टेस्ट म्हणतात. चारही इंजेक्टरांवरचे रिटर्न पाइप काढून त्या जागी सारख्या मापाचे पारदर्शक पाइप लावायचे, त्यांची टोकं खुणा केलेल्या चार सारख्या बाटल्यांत सोडायची आणि मूळ रिटर्न लाइनचं तोंड बंद करायचं. इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलिंगला चालवायचं, मग थोडी रेस द्यायची आणि थांबवायचं. बाटल्या एका रांगेत ठेवल्या की काही सांगावं लागत नाही. तीन बाटल्यांत सारखी पातळी आणि चौथीत तिप्पट डिझेल असेल तर तो इंजेक्टर आतून गळतोय, दाब तिथून निसटतोय. गाडी स्टार्टच होत नसेल तर नुसता स्टार्टर मारून ही चाचणी करता येते. काही पिएझो इंजेक्टरांना रिटर्नमध्येही दाब लागतो, त्यांची चाचणी वेगळी असते; म्हणून आधी गाडीची माहिती पाहून घ्यावी.

इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा, टणक थर जमलेला दिसला आणि ‘चक-चक’ असा आवाज येत असेल तर खालची तांब्याची वॉशर गळतेय. ती वेळीच बदलली तर काम स्वस्तात होतं. दुर्लक्ष केलं तर हेडची बैठक खराब होते आणि इंजेक्टर असा रुतून बसतो की काढताना मोडतो.

पायरी ८ : हाय प्रेशर पंप

लीक-ऑफ सर्व बाटल्यांत कमी, कमी दाबाची बाजू निर्दोष, रेलवरचा प्रेशर व्हॉल्व्ह गळत नाही, पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह ठीक, आणि तरीही दाब चढत नाही, असं असेल तरच पंपावर बोट ठेवा. फिल्टरच्या निचऱ्याच्या बाटलीत (पायरी ३) लोखंडी चुरा सापडला असेल तर पंप आतून झिजतोय, हे जवळपास नक्की. जुना फिल्टर कापून उघडला तर घड्यांमध्ये तीच चांदी दिसेल. अशा वेळी फक्त पंप बदलून चालत नाही. टाकी, पाइप, रेल धुवावे लागतात, इंजेक्टर तपासावे लागतात. नाहीतर जुना चुरा नव्या पंपाचाही घात करतो. खर्च मोठा आहे, म्हणून होकार देण्याआधी चुरा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

गॅरेजमध्ये हे मागा

मेकॅनिकवर अविश्वास दाखवायची गरज नाही. पुरावा मागणं एवढंच करायचं. चांगला मेकॅनिक तो आनंदाने दाखवतो.

– स्कॅनरच्या कोडचा आणि मागणी-प्रत्यक्ष दाबाच्या आकड्यांचा फोटो.
– लीक-ऑफच्या बाटल्या, रिकाम्या करण्याआधी.
– जुना फिल्टर आणि बदललेले सगळे भाग.
– काढलेल्या इंजेक्टरचा टेस्ट बेंचवरचा अहवाल. डिझेल पंप आणि इंजेक्टरचंच काम करणारी, टेस्ट बेंच असलेली दुकानं राज्यातल्या मोठ्या शहरांत आहेत. नुसतं बघून ‘चारही गेले’ म्हणणं पुरेसं नाही. चारपैकी एकच दोषी निघू शकतो.
– नव्या इंजेक्टरवर छापलेला कोड ईसीयूत भरल्याची खात्री. ज्या गाड्यांना हा कोड लागतो त्यांत तो भरला नाही तर नवे इंजेक्टरही थरथर आणि धूर देतात.
– नव्या तांब्याच्या वॉशर. जुन्या पुन्हा बसवू देऊ नका.

रोजची काळजी

टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नका. गाडी डिझेल संपून बंद पडली तर पंप कोरडा फिरतो आणि तळाचा गाळ ओढला जातो. फिल्टरमधलं पाणी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर काढा. पाण्याचा पिवळा दिवा लागला तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. पाण्याने पंप गंजतो आणि इंजेक्टरचं टोक खराब होतं. डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नका. ती भेसळ आहे आणि त्याने डिझेलचा वंगणाचा गुण कमी होतो. टाकीत ओतायच्या ‘इंजेक्टर क्लीनर’ने किरकोळ काजळी निघते, झिजलेला धातू भरून येत नाही. गर्दीच्या, जास्त विक्री असलेल्या पंपावर डिझेल भरा. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे बाष्प धरायला जागा उरत नाही.

या आठवड्यात एक काम कराच. गाडीची सर्व्हिसची बिलं काढा आणि डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला ते शोधा. नोंद सापडली नाही तर फिल्टर बदलून घ्या, जुन्या फिल्टरमधलं डिझेल बाटलीत काढून पाहा आणि नव्या फिल्टरवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा.